घरून काम अन् मुक्काम बाहेर: रूमचं भाडं खर्चात टाकताना या चुका टाळा

"तिथं लॅपटॉप उघडला होता म्हणजे धंद्याचा खर्च" हा समज आधी डोक्यातून काढा. घरून काम करणारे पोट्टे आता दारव्हा-दिग्रसकडे पण बरेच झालेत, चांगलंच आहे, पण जुलैत रिटर्न भरायला आले की खिशातून लॉजची चुरगळलेली बिलं काढतात अन् म्हणतात, "भाऊ, हे पण टाकून द्या ना खर्चात." कायले टाकू? आधी सांग तू तिथं गेलता कायले.

कायदा पण हेच विचारते. आयकर कायद्याच्या कलम ३७(१) नुसार खर्च पूर्णपणे अन् फक्त धंद्यासाठीच झालेला पाहिजे, घरगुती चालत नाही. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, कलमांचे नंबर बदललेत, मी तोंडात बसलेले जुनेच लिहितोय.) क्लायंटनं नागपूरला बोलावलं, दोन दिवस काम, रात्री लॉज, हे चालते. गावात फायबर तुटलं, डिलिव्हरी उद्यावर आली म्हणून यवतमाळला एक रात्र काढली, तर बाजू मांडता येते, पण मग नेटवाल्याकडं केलेल्या तक्रारीचा मेसेज अन् क्लायंटचा तारखेचा मेल जपून ठेवा.

आता ते नेरकडचं प्रकरण सांगतो, कारण दरवर्षी त्याचेच भाऊबंद येतात. पोरगा ॲप बनवते, कमाई चांगली. पावसाळ्यात घराची मागची भिंत बसली, म्हणून आई, बायको, लेकरू सगळ्यांना घेऊन अमरावतीत भाड्याच्या फ्लॅटवर गेला. दुरुस्ती झाली, परत आला, अन् रिटर्नच्या वेळी म्हणते पूर्ण भाडं खर्चात टाका. "मी तिथूनच काम केलं ना भाऊ." अरे बाप्पा, तू तिथं गेलास भिंत पडली म्हणून, क्लायंटनं बोलावलं म्हणून नाही. तिथं स्वयंपाक होते, लेकराचे कपडे वाळते, ते तुझं घरच झालं. लई झालं तर ज्या खोलीत बसून काम केलं तेवढ्या खोलीपुरता भाड्याचा वाटा मागता येतो, राहत्या जागेचा काही भाग धंद्याला वापरला तर तशी सोय कायद्यात आहे. पूर्ण भाडं कोणताच अधिकारी मान्य करणार नाही.

बरं, पुढं ऐका. हा वाटा-बिटाचा हिशेब मी काढत बसलो अन् मग समजलं की हा गडी दरवर्षी कलम ४४एडीए (व्यावसायिकांसाठी ठोक हिशेबाची सोय) मध्ये रिटर्न भरते! म्हणजे एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा धरायची अन् उरलेली निम्मी खर्च म्हणून सरकारनं आधीच सोडून दिली. त्यात भाडं, नेट, लॉज, लॅपटॉपचा घसारा सगळं येऊन गेलं, वरून एक रुपया वजा होत नाही. त्याची जमा १४ लाख, नफा धरला ७ लाख, अन् २०२५-२६ ला नवीन करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे (टॅक्समधल्या सुटीमुळे) टॅक्स शून्य. म्हणजे जो टॅक्स लागणारच नव्हता तो वाचवायला हा माणूस घरमालकाच्या मागं पावतीसाठी महिनाभर फिरला. खर्च खरंच निम्म्याच्या वर असेल तर ४४एडीए सोडा, वह्या ठेवा, ऑडिट करा. पण व्हिडिओ पाहून आलेल्यांना दोन्हीकडचं पाहिजे असते, अन् तेही आजच्या आज.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. लग्नाला नागपूरला गेले अन् मधात एक तास क्लायंटला भेटले, तर तो मुक्काम लग्नाचाच. ज्यांच्या वह्या आहेत त्यांनी एकाच माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नये, कलम ४०ए(३) मध्ये तो खर्चच उडते, यूपीआय करा ना. पांढरकवड्यावरून आदिलाबादला गेले अन् तिथं मुक्काम केला तर बिलावर तेलंगणाचा जीएसटी लागते, महाराष्ट्राच्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होत नाही. अन् पगारदारांनो, तुम्हाला रूमचं भाडं असं धंद्याचा खर्च म्हणून वजा करताच येत नाही, स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट वजावट) नवीन पद्धतीत ७५,०००, जुन्यात ५०,०००, विषय संपला. कंपनीच्या कामाला गेले असाल तर बिल कंपनीलाच द्या.

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. लॉज सोडताना काउंटरवरच बिलाच्या मागं बॉलपेननं लिहितो, कोणत्या क्लायंटकडं, कोणत्या कामाला, अन् दोन्ही बाजूंचा फोटो लगेच. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत राहिलेलं थर्मल कागदाचं बिल काळं तरी पडते नाहीतर पुसल्या तरी जाते. जुलैत आठवून लिहिलेलं कारण वाचताबरोबर समजते, सगळ्या बिलांवर एकच पेन, एकच वाक्य.

अन् ते लॉजवाल्याकडून कोरं बिल आणून मनानं आकडा टाकणारे. कलम २७०ए मध्ये खोटी माहिती दिली तर बुडवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के दंड आहे. असं बिल घेऊन माझ्याकडं येऊ नका, दुसरं टेबल पाहा.