पंचेचाळिशीत सर्फिंग: उभं राहण्याचा सराव गच्चीवरच

जळगाव-धुळ्याहून दक्षिणेतल्या मुल्की (कर्नाटक) किंवा कोवळमच्या किनाऱ्यावर सर्फिंग, म्हणजे बोर्डवर उभं राहून लाटेवर स्वार होणं, शिकायला जायचं ठरलंय? मग आधी दोन महिने बोर्डवर उभं राहणं घरीच घोटून घ्या. गच्चीवर खडूने लांब रेघ ओढा, ती बोर्डची मधली रेघ समजा. वेळ सकाळी सातच्या आतली. एप्रिल-मेमध्ये नंतर फरशीवर तळवे टेकवत नाहीत.

रेघेवर पालथे झोपा, तळवे खालच्या बरगड्यांशी सपाट टेकवा. (कडा पकडायची सवय नको, पाण्यात बोर्ड डगमगतो.) छाती उचला आणि जे पाऊल पुढे ठेवायचं ते एका झटक्यात दोन्ही हातांच्या मध्ये, रेघेवर आणून उभे राहा. नजर समोर, पायाकडे नाही. असं 5 वेळा, मिनिटभर दम, एकूण 3 फेरे, दिवसाआड.

या वयात गाडं अडतं ते खुब्यात. पाऊल अर्ध्यावरच राहतं, मग माणूस गुडघा टेकतो, आणि ती खोड पुढे जाता जात नाही. त्यासाठी रोज 2 मिनिटं टाचा टेकवून उकिडवं बसा. तरीही पाऊल पोचत नसेल तर हात जमिनीऐवजी जिन्याच्या पायरीवर ठेवून सुरुवात करा.

खांद्यांसाठी पोहणं, आठवड्यातून 2-3 दिवस. शिकायला बोर्ड मात्र फोमचा, 8-9 फुटी मागा; छोटा बोर्ड दिसतो झकास, पण नवख्याला उभं राहू देत नाही.