जुन्या श्रीलिपीतल्या दिवाळी अंकाचं ई-बुक कसं करायचं

आमच्या वाचनालयाचा अंक वीसेक वर्षं पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लागायचा, सगळा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात, आणि त्या सगळ्या फायली एका जुन्या हार्डडिस्कवर पडून होत्या. पीडीएफ होत्या म्हणा, पण त्यातलं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. का, तर जुन्या फॉन्टमध्ये आत साठलेलं असतं इंग्रजी अक्षरच, फक्त त्याच्यावर क, ख, ग चा मुखवटा चढवलेला असतो. त्यामुळे गुगलला ते सापडत नाही आणि स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध वाचकाला तर अर्थ लागेल असं काहीच ऐकू येत नाही. माझ्या मते असा अंक छापला गेला तरी ऑनलाइन तो नसल्यातच जमा. म्हणून हे काम करायचंच, आणि घरच्या घरी होतं.

सुरुवात फाइल उघडण्यापासून. पेजमेकर नसेल तर लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमधलं ड्रॉ वापरून बघा, ६ आणि ७ आवृत्तीच्या फायली त्यात बऱ्याचदा उघडतात. आपल्याला पानाची मांडणी नकोय, फक्त मजकूर हवाय, तो एकेका लेखाचा वेगळा काढून ठेवा. फाइल हरवली असेल आणि छापील अंकच उरला असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन करा आणि गुगल ड्राइव्हमध्ये टाकून डॉक्स म्हणून उघडा, मराठी बऱ्यापैकी वाचतं ते.

आता कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये (मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणारी आजची पद्धत) बदलणारं साधन. नेटवर फुकट मिळतात, पण इथे घाई करू नका. श्रीलिपी, कृतिदेव, एपीएस, प्रत्येकाची अक्षरांची जागा वेगळी, त्यामुळे तुमच्या फॉन्टचाच कन्व्हर्टर लागतो. पूर्ण अंक टाकायच्या आधी एक परिच्छेद टाकून बघा आणि त्यात कीर्ती, निर्मिती, वऱ्हाड, दुसऱ्या, ज्ञान, ॲसिड असे शब्द मुद्दाम असू द्या. गडबड होते ती ऱ्हस्व वेलांटीत आणि रफारात. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची कारण ती डावीकडे दिसते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठते, आणि रफाराचं बरोबर उलटं, तिथे आधी र् येतो आणि मग अक्षर. कन्व्हर्टर इथेच घसरतात. मजकुरात कुठे तुटक रेघांचं गोल वर्तुळ दिसलं तर समजा मात्रेला तिचं अक्षर मिळालेलं नाही.

यानंतरचं साफसफाईचं काम कंटाळवाणं आहे पण सगळी मजा यातच आहे, आणि लोक नेमकं हेच टाळतात. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठू शकतो, एक म्हणजे साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह, दुसरं म्हणजे खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. ‘ॲ’चंही तेच, अ वर वेगळा चंद्र दिला की ते वेगळं आणि एकसंध ॲ वेगळा (हा एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, म्हणून त्याआधीच्या मजकुरात जुनाच प्रकार सापडतो). फाइंड-रिप्लेस लावून अख्ख्या अंकात एकच रूप ठेवा, ऱ आणि ॲ. मग एकाने मूळ अंक हातात धरून मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने स्क्रीनवर बघायचं. आम्ही असंच केलं, संध्याकाळी दोन तास, पाच-सहा जण आलटून पालटून.

मजकूर स्वच्छ झाला की लिब्रेऑफिस रायटरमध्ये घ्या आणि लेखाच्या नावाला हेडिंग १, पोटमथळ्याला हेडिंग २ अशी स्टाइल द्या. नुसतं बोल्ड करून अक्षर मोठं करू नका, कारण ई-बुकची अनुक्रमणिका या हेडिंगांवरूनच तयार होते. कवितेची प्रत्येक ओळ तशीच तुटायला हवी, तिला वेगळी स्टाइल. ही फाइल म्हणजे तुमची मूळ प्रत. पुढे ईपब (ई-बुकची फाइल), वेबसाइट, छपाईची पीडीएफ सगळं यातूनच काढायचं आणि चूक सापडली तर आधी इथे दुरुस्त करायची.

ईपब काढायला रायटरमध्येच एक्सपोर्टची सोय आहे, किंवा कॅलिबर हे ई-बुकचं सॉफ्टवेअर वापरा. ईपब म्हणजे खरं तर झिप केलेली छोटी वेबसाइट, सिगिल या ईपब एडिटरमध्ये उघडली की आतली पानं दिसतात. तिथे दोन गोष्टी बघा. भाषेच्या जागी मराठीचा कोड आहे ना, कारण तो असेल तर ज्या फॉन्टात सोय आहे तिथे ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. आणि फॉन्ट, मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी घ्या, दोन्ही मोफत आहेत आणि पुस्तकात एम्बेड करायची, म्हणजे फाइलच्या आतच जोडायची, परवानगी आहे. शेवटी ईपबचेक हा ईपब तपासणारा प्रोग्राम चालवा, तो चुका ओळ नंबरासकट सांगतो.

वेबसाइटवर वर्डप्रेस असेल तर लेख ब्लॉक एडिटरमध्ये पेस्ट केला की हेडिंगं तशीच येतात. फक्त लिंकचं नाव स्वतः रोमन लिपीत, छोटं लिहा. मराठी शीर्षकातल्या एकेका अक्षराचे आणि मात्रेचे लिंकमध्ये ९-९ कॅरेक्टर होतात आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० ची, म्हणजे बाविसाव्या चिन्हाशी लिंकचं नाव मध्येच कापलं जातं आणि शेअर केली की पानभर टक्केचिन्हं दिसतात.

लेखकांची परवानगी सुरुवातीलाच मागायला घ्या, उत्तरं यायला वेळ लागतो. छापायला दिलं म्हणजे डिजिटललाही दिलं असं होत नाही. लेखक हयात नसतील तर त्यांच्यामागे ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. आम्ही एक पानी पत्र केलं होतं, बहुतेकांनी आनंदाने सही दिली.

अपलोड करायच्या आधी पुस्तक स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर उघडा, अक्षर सगळ्यात मोठं करून बघा, आणि कॉम्प्युटरवर मोफत मिळणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून एक लेख डोळे मिटून ऐका. जिथे तो अडखळेल तिथे मूळ प्रतीत बहुतेक एखादा रफार चुकलेला असतो.