आवार कोण बघणार? बंगला भाड्याने देण्या-घेण्याआधीची तयारी

फ्लॅट भाड्याने देताना आवाराचा प्रश्नच येत नाही, ते सोसायटी बघते. बंगला किंवा रो हाउस असलं, मागे-पुढे चार झाडं, थोडं लॉन, भुईतली टाकी असली की प्रत्येक गोष्ट कोणाची हे आधी ठरवावं लागतं. मागच्या खेपेला आमच्या करारात ‘बागेची निगा भाडेकरूने राखावी’ एवढीच ओळ घातली होती. मागच्या कोपऱ्यातली पाणी जायची जाळी कोणी साफ करायची, हे त्या ओळीत कुठेच नव्हतं. जाळी तुंबली आणि आवारातलं पाणी पिण्याच्या टाकीत गेलं. म्हणून ही यादी, आणि म्हणून तिच्यात जाळी पुन्हा पुन्हा येणार आहे.

आधार, पॅन, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, वीजमीटरचं रीडिंग, डिपॉझिट: हे सगळ्यांना पाठ आहे, पुढे चला. करार मात्र नोंदवलेलाच हवा, ११ महिन्यांचा असला तरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृत करार करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे ‘लॉनला पाणी घालायचं ठरलं होतं’ हे तोंडी सांगून मालकाच्या हाती काही लागत नाही. याच कायद्यात ‘जागा’ या शब्दाच्या व्याख्येत इमारतीला लागून असलेली बाग, मोकळं आवार, गॅरेज आणि आउटहाउसही येतात. तेव्हा आवार हे घराबरोबर फुकट मिळालेलं काहीतरी आहे असं दोघांनीही समजू नये. घराचं जे लिहाल ते आवाराचंही लिहा.

भाडेकरूंसाठी एक बारकी गोष्ट. याच कायद्याच्या कलम १४ मध्ये अशी सोय आहे की, मालकाने करायची दुरुस्ती त्याने केली नाही तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या मर्यादेत. पण ती सोय ‘भाडेकरू’साठी आहे. आजकालचे जवळपास सगळे करार लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे जागा वापरायचा नुसता परवाना देणारे, असतात आणि त्यात राहणारा कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो. तेव्हा या सोयीच्या भरवशावर बसू नका. अशीच अट, नोटिशीच्या दिवसांसकट, आपल्या करारात घालून घ्या.

आता परिशिष्ट. कराराचा तयार मसुदा एजंटकडे असतो, त्यात आवाराबद्दल फार तर एक ओळ असते. ती तशीच राहू द्या आणि मागे एक पान जोडा. ते पान घरात बसून लिहू नका. मालक आणि भाडेकरू दोघांनी गेटपासून सुरुवात करून भिंतीच्या कडेने एक पूर्ण फेरी मारायची आणि जे दिसेल ते लिहायचं: गेटची बिजागरी, पेव्हर ब्लॉक, बाहेरचे नळ, होज पाइप, लॉन, प्रत्येक मोठं झाड, कुंड्यांची संख्या, बोअरची मोटर आणि स्टार्टर, भुईतल्या टाकीचं झाकण, ड्रेनेजची चेंबरं, आणि जाळी. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: रोजची निगा कोणाची, मोडलं तर दुरुस्ती कोणाची, पैसे कोणाचे. ‘निगा’ आणि ‘दुरुस्ती’ हे शब्द नुसते ठेवलेत तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ काढतो. गळका नळ घ्या: वॉशर बदलणं ही निगा, भिंतीतला पाइप फुटणं ही दुरुस्ती. असं प्रत्येकाचं फोडून लिहा.

जाळी म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण अनेकांना आपल्या घराची जाळी कुठे आहे हेच माहीत नसतं. आवाराचा उतार ज्या कोपऱ्याकडे असतो तिथे, कंपाउंडच्या भिंतीच्या पायथ्याशी, एक छोटं चौकोनी चेंबर असतं. वर लोखंडी जाळी, आत साधारण फूट-दीड फूट खोल खड्डा, आणि तिथून चार किंवा सहा इंची पाइप बाहेरच्या पावसाळी गटारापर्यंत. बहुतेक वेळा ती घराच्या मागे, कपडे वाळत घालायच्या तारेखाली किंवा जुन्या कुंड्यांच्या मागे लपलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, ती पानं तिथे जमतात. वर मुरूम आणि कुंड्यांतली माती वाहून येते. मे महिन्याच्या उन्हात त्याची पपडी होते आणि वरून बघणाऱ्याला सगळं स्वच्छ, कोरडं दिसतं. वरून बघून काही कळत नाही. जाळी उचलावी लागते.

उचला. गंजून बसली असेल तर कडेने खरवडून पहारीने हलकेच उचकटा, हातोड्याने ठोकू नका, बिडाची असली तर तडकते. आतला गाळ घमेल्याने काढा, तळाचं काँक्रीट दिसेपर्यंत. मग पाइपात बांबूची लांब चीप किंवा प्लंबरची स्प्रिंग घालून बाहेरच्या तोंडापर्यंत जाते का बघा. शेवटी २० लिटरच्या चार बादल्या एकापाठोपाठ एक ओता. पाणी चेंबरमध्ये चढत गेलं आणि थांबून राहिलं तर पाइप अजून बंद आहे. गुंतागुंतीचं यात काहीच नाही, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि म्हणूनच ते कोणाचंच नसतं. मालकाला वाटतं ही झाडलोट आहे, भाडेकरूची. भाडेकरूला वाटतं हे प्लंबिंग आहे, मालकाचं.

अर्ध्या तासाच्या कामाचं एवढं का? हिशेब करा. गच्ची आणि फरसबंद आवार मिळून २,००० चौरस फूट धरलं तर ते जवळपास १८५ चौरस मीटर होतं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाभरात २५ मिलिमीटर पडला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी त्या एका चार इंची तोंडाकडे धावतं. तोंड बंद असेल तर ते आवारात चढतं, आणि आवारात सगळ्यात खाली काय असतं? बऱ्याच घरांत भुईतल्या टाकीचं झाकण. ते फरशीच्या पातळीला असेल तर मातीचं पाणी सरळ टाकीत. मग टाकी उपसा, घासा, ब्लिचिंग पावडरने धुवा, तोवर टँकर किंवा जार. झाकणाभोवती निदान सहा इंच उंच कठडा बांधून घ्या. हे बांधकाम आहे, मालकाने करायचं, भाडेकरू येण्याआधी.

आणि कोणी प्लंबर ‘आवाराचं पाणी ड्रेनेजलाच जोडून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. जोराच्या पावसात ती सांडपाण्याची लाइन भरते आणि पाणी उलटं बाथरूमच्या ट्रॅपमधून वर येतं. पाणी मागे तुंबलंय आणि माणसं पुढचं गटार उपसताहेत, असंही दिसतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आमचं नाशिकचं सोमेश्वर तर गंगापूर रोडलाच आहे.

आता सगळ्यात फसवी गोष्ट: तारीख. करार १ जुलैला सुरू झाला की ११ महिन्यांनी ३१ मेला संपतो. जाळी साफ करायचा काळ नेमका जाणाऱ्या भाडेकरूच्या शेवटच्या आठवड्यात येतो. त्याचं सामान टेम्पोत चढत असतं, नवा अजून आलेला नसतो, मालक पुण्यात नाहीतर परदेशात. मान्सून नाशिकला साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, पण वळीव मे महिन्यातच एखाद्या दुपारी झोडपून जातो आणि उरलीसुरली पानं एका वाऱ्यात खाली आणतो. म्हणून ‘पावसाळ्यापूर्वी’ असं लिहू नका. ‘२० मेपर्यंत’ असं लिहा, आणि पुढे नाव लिहा. माझ्या मते: मेमधली मोठी सफाई मालकाच्या खर्चाने, कारण ती दोन करारांच्या फटीत पडते, जून ते सप्टेंबर दर आठवड्याला जाळीवरची पानं काढणं भाडेकरूचं, कारण तो तिथे राहतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा जाळी उचलून बघायची. तेही लिहा. बैल गेला अन् झोपा केला, असं जुलैत करून उपयोग नाही.

झाडं. फांदी छाटणं म्हणजे बागकाम असं भाडेकरूला वाटतं. महाराष्ट्राच्या शहरी भागांसाठी १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, आणि त्यात झाड ‘तोडणं’ या शब्दात जाळणं, कापणं आणि कुठल्याही रीतीने इजा करणं हे सगळं येतं. मोठ्या फांद्यांना हात लावायचा तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज. देवळाली कॅम्पात घर असेल तर तिथे छावणी परिषद असते, नाशिक महापालिका नाही. अर्ज मालकाने करायचा, कागद त्याच्याकडे असतात. नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडण्यावरून वाद झाल्यापासून करवतीचा आवाज आला की शेजारी फोन काढून उभे राहतात, आणि बरोबरच करतात. करारात लिहा: मालकाच्या लेखी संमतीशिवाय मनगटापेक्षा जाड फांदी कापायची नाही.

नारळ असेल तर मे महिन्यात माणूस चढवून वाळक्या झावळ्या आणि सुटे नारळ उतरवून घ्या. खाली गाडी लावणार असाल तर विशेषच. शेवगा ठिसूळ, पानं भिजून जड झाली की पहिल्याच वाऱ्यात मोडतो. शेंगा संपल्या की शेंडा खाली आणायला हवा, तेही परवानगी बघून. भिंतीच्या फटीत पिंपळ-उंबराचं रोप दिसलं की बोटभर असतानाच उपटा; पुढच्या वर्षी भिंत फोडावी लागते. आंबे कोणाचे? हसू नका, लिहा. वर्षभर पाणी भाडेकरूने घालायचं आणि मेमध्ये मालकाने पिशवी घेऊन यायचं, यावरून बोलणं बंद झालेली माणसं आहेत.

लॉन आणि पाणी. एप्रिल-मेच्या उन्हात लॉनला दिवसाला चौरस मीटरमागे साधारण पाच लिटर लागतं. ५०० चौरस फुटांचं लॉन म्हणजे रोज सव्वादोनशे लिटरच्या पुढे. नळाला तेवढं पाणी येत नसेल आणि बोअरला उन्हाळ्यात पाणी नसेल तर ‘लॉन हिरवं ठेवावं’ ही अट खोटी आहे, घालू नका. त्याऐवजी ‘मुळं जगतील एवढं पाणी’ म्हणा. पिवळं पडलेलं लॉन पावसात परत येतं, मेलेलं येत नाही. मोटरचं बिल कोणाच्या मीटरवर येतं ते आधीच बघा. माळी ठेवणार असाल तर त्याचा महिना कोण देणार आणि त्याच्या कामात काय काय येतं ते ठरवा. पावसाळ्यात कापणी आठ-दहा दिवसांनी, गवत ओलं असताना नाही. आणि माळ्याला जाळी दाखवा. तो कापलेलं गवत झाडून नेमकं त्याच कोपऱ्यात ढकलतो.

काळ्या मातीवर घर असेल तर पेव्हर ब्लॉक वर-खाली होणारच, ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. ते भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापू नका.

गाजरगवत फूल येण्याआधी, माती ओली असताना, मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून. अंगाला खाज सुटते. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा कोरड्या करायच्या, डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. पालिकेची नोटीस घरावर लागते, मग ती कोणाची हा वाद होतो. लिहून ठेवा की राहणाऱ्याची. पालापाचोळा जाळायचा नाही, बंदी आहे. फांद्यांचा भारा घंटागाडीत मावत नाही, तो न्यायची सोय छाटणीच्या आधी करा.

फोटो. पंधरा-वीस, तारखेसह, दोघांच्या फोनवर. एक जाळीचा, उघडलेल्या. मात्र जुलैचं हिरवं लॉन आणि मेचं लॉन शेजारी ठेवून भांडू नका, ऋतू वेगळा आहे. म्हणून फोटोबरोबर साधी नोंद हवी: मुळं जिवंत, टक्कल पडलेली जागा किती फूट बाय किती फूट.

घर सोडताना पुन्हा तीच फेरी, तोच कागद. कुंड्या मोजा. होज पाइप, घमेलं, कुदळ, स्टार्टरची चावी. बोअर चालवून बघा. टाकीचं झाकण उघडून बघा. लिव्ह अँड लायसन्सचा करार संपल्यावरही कोणी राहिलं तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं लागू शकतं, हे दोघांना माहीत असू द्या. बाकीचं जागेवर सुचेल. किल्ल्या हातात घेण्याआधी मागे जा, जाळी उचला, चार बादल्या ओता, पाणी जातंय हे दोघांनी बघा, मगच डिपॉझिटचा चेक लिहा.