बिल्ड स्क्रिप्टला स्वतःची डिरेक्टरी सापडेना, तेव्हा

पॅकेज बांधणारी माझी स्क्रिप्ट सर्व्हरवर बिनबोभाट चालायची, पण सहकाऱ्याच्या मशीनवर 'फाइल सापडली नाही' म्हणून थांबायची. स्क्रिप्ट स्वतःची डिरेक्टरी (फोल्डर) अशी शोधायची: सुरुवात 'डॉलर-शून्य'ने (स्क्रिप्ट ज्या पाथने चालवली तो), त्यावर 'डर्नेम' (पाथमधला डिरेक्टरीचा भाग काढणारी कमांड), मग तिथे 'सीडी' (त्या डिरेक्टरीत जाणं) आणि शेवटी 'पीडब्ल्यूडी' (चालू डिरेक्टरीचा पाथ छापणं); जे छापलं जाई ते एका व्हेरिएबलमध्ये. हाच साचा मी वर्षानुवर्षे वापरत आलो होतो.

सहकाऱ्याच्या मशीनवर ते व्हेरिएबल छापून पाहिलं, तर त्यात एकच पाथ दोनदा, दोन ओळींत आला होता! त्याने 'सीडीपाथ' हे व्हेरिएबल ('सीडी'ने डिरेक्टरी कुठे कुठे शोधायची त्याची यादी) एक्स्पोर्ट केलं होतं, म्हणजे ते माझ्या स्क्रिप्टलाही मिळत होतं, आणि त्यात चालू डिरेक्टरीचा टिंब होता. 'सीडीपाथ'मधून जागा सापडली की 'सीडी' ती स्वतःच छापतं; शिवाय 'पीडब्ल्यूडी'ची ओळ येतेच. त्यात दुसरा एखादा फोल्डर आधी असता आणि तिथे याच नावाची डिरेक्टरी असती, तर स्क्रिप्ट गुपचूप भलतीकडेच गेली असती. हे जास्त घातक. पाथ 'टिंब-स्लॅश'ने सुरू झाला तर 'सीडीपाथ' बघितलाच जात नाही, म्हणून चूक कधी दिसे, कधी नाही.

आता 'सीडी'च्या आधी त्याच ओळीत 'सीडीपाथ' रिकामं करतो, प्रत्येक पाथ दुहेरी अवतरणात ठेवतो (नावातल्या स्पेससाठी) आणि सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) असलेल्या डिरेक्टरीचा खरा पाथ मिळावा म्हणून 'पीडब्ल्यूडी'ला मोठा 'पी' हा पर्याय देतो.

स्क्रिप्ट 'सोर्स' केली (म्हणजे वेगळी न चालवता चालू शेलमध्येच वाचून घेतली) तर मात्र बॅश या शेलमध्ये 'डॉलर-शून्य' उपयोगाचं नाही. तिथे 'बॅश-सोर्स' हे बॅशचं स्वतःचं व्हेरिएबल लागतं (त्यात वाचल्या जाणाऱ्या फाइलचा पाथ असतो), आणि डेबियन लिनक्सच्या डॅश या दुसऱ्या शेलमध्ये ते नसतं. म्हणून त्या फाइलची पहिली ओळ मी स्पष्टपणे बॅशची केली आणि 'सोर्स'ही बॅशमधूनच करतो.