गेममधून ऑडिओ सीडीचे संगीत वाजवताना या चुका टाळा

नव्वदच्या दशकातील अनेक गेमचे संगीत गेमच्याच सीडीवर साध्या ऑडिओ ट्रॅकच्या रूपात असे. १९९६ साली आलेल्या 'क्वेक'ची सीडी घरच्या सीडी प्लेअरमध्ये घातली तरी तिचे संगीत ऐकता येई. अशा सीडीवर पहिला ट्रॅक गेमच्या डेटाचा असतो आणि संगीत दुसऱ्या ट्रॅकपासून सुरू होते. म्हणून विंडोजच्या एमसीआय (सीडीसारख्या माध्यमांना साध्या आदेशांनी चालवणाऱ्या) यंत्रणेतून सीडी उघडल्यावर आधी प्रत्येक ट्रॅकचा प्रकार विचारून घ्यावा आणि उत्तर 'ऑडिओ' असे आले तरच तो ट्रॅक आपल्या यादीत घ्यावा.

त्यापुढची चूक वेळेच्या मापाची आहे. सीडीसाठी एमसीआयचे मूळ माप मिनिट, सेकंद आणि फ्रेम असे असते व एका सेकंदात ७५ फ्रेम मोजल्या जातात. हे माप न बदलता 'प्ले फ्रॉम २' असा आदेश दिला, तर दुसरा ट्रॅक वाजत नाही. ड्राइव्ह सीडीच्या दुसऱ्या मिनिटावर जातो आणि तिथे बहुधा डेटाच असतो. सीडी उघडताच माप 'टीएमएसएफ' (ट्रॅक, मिनिट, सेकंद, फ्रेम) असे ठरवावे, म्हणजे पहिला आकडा ट्रॅकचा धरला जातो. कुठे थांबायचे ते सांगणारे 'टू' लिहायचे राहिले, तर हवा असलेला ट्रॅक संपल्यावर संगीत न थांबता सीडीच्या शेवटापर्यंत चालू राहते. शेवटच्या ट्रॅकला मात्र 'टू' मध्ये पुढच्या ट्रॅकचा क्रमांक देता येत नाही, कारण तो ट्रॅक अस्तित्वातच नसतो आणि आदेश चूक म्हणून परत येतो. तिथे 'टू' गाळणेच योग्य.

सर्वांत जास्त वेळ ज्या चुकीत जातो, ती संगीताच्या आज्ञावलीत सापडत नाही, कारण ती मुळात ड्राइव्हच्या रचनेशी निगडित आहे. सीडी वाचणारे लेझर एकच असते. ते संगीत वाजवत असताना गेमने त्याच सीडीवरून पुढच्या लेव्हलची फाइल मागितली, की लेझरला तिकडे जावे लागते आणि संगीत तुटते. लेव्हलचा सगळा डेटा आधी मेमरीत घ्यावा किंवा इन्स्टॉल करतानाच हार्ड डिस्कवर उतरवावा, आणि मगच 'प्ले'चा आदेश द्यावा. याच कारणाने ट्रॅक संपला की नाही, हे चित्राच्या प्रत्येक फ्रेमला ड्राइव्हला विचारत बसू नये. ड्राइव्हचे उत्तर येईपर्यंत तो आदेश परतत नाही आणि तेवढा वेळ गेम अडखळतो. ट्रॅक संपल्याचा संदेश विंडोजने स्वतः पाठवावा म्हणून 'प्ले'सोबत 'नोटिफाय' लिहावे व आदेश पाठवणाऱ्या फंक्शनच्या शेवटच्या जागी आपल्या विंडोचे हँडल (तिची ओळख सांगणारा आकडा) द्यावे. ते शून्य ठेवले तर संदेश कधीच येत नाही. आलेला संदेश तपासणेही तितकेच महत्त्वाचे आहे. आपणच मध्ये दुसरा आदेश दिला तरी संदेश येतो, पण त्यातील खूण निराळी असते. ट्रॅक पुन्हा सुरू करायचा तो फक्त 'यशस्वी' ही खूण आली तरच, नाहीतर खेळाडूने बंद केलेले संगीत आपोआप परत सुरू होते.

खेळाडूने गेम थांबवून परत सुरू केल्यावर 'रिझ्यूम' चालत नाही, अशीही अडचण येते. विंडोजचा सीडीचा ड्रायव्हर तो आदेश स्वीकारत नाही आणि 'पॉज' त्याच्यापुरता 'स्टॉप'च असतो. म्हणून थांबवण्यापूर्वी चालू जागा विचारून जपून ठेवावी आणि नंतर तिथूनच 'प्ले' करावे. ज्यांनी एमसीआयऐवजी एसडीएल १.२ (गेम बनवण्यासाठीची तयार लायब्ररी) वापरले आहे, त्यांनी इतकेच पाहावे की तिथे ट्रॅक शून्यापासून मोजले जातात. एसडीएल २ मध्ये तर सीडीची सोयच काढून टाकली आहे.

सर्व आदेश यशस्वी होऊनही आवाज येत नसेल, तर आज्ञावली बदलण्यापूर्वी संगणक उघडून पाहावा. जुन्या ड्राइव्हमधून संगीताचा आवाज एका बारीक केबलने साउंड कार्डला जातो, आणि ती केबल जोडलेली नसली तरी ड्राइव्ह 'वाजत आहे' असेच सांगतो. ड्राइव्हच्या पुढच्या बाजूला हेडफोनची जागा असेल आणि तिथे आवाज येत असेल, तर दोष केबलचाच आहे. विंडोज एक्सपीमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून त्या ड्राइव्हसाठी डिजिटल सीडी ऑडिओ सुरू केला, की केबलशिवायही आवाज येतो. गेमसोबतच्या सूचनांत ही गोष्ट स्पष्ट लिहावी.