मंदीत स्पर्धेचा घोडा विकायचा ठरवताना या चुका टाळा

"विकायला काढलीये, पण घाई नाही." माझ्या घोडीबद्दल हे वाक्य मी सात महिने सगळ्यांना ऐकवत होते.

त्या सात महिन्यांत ती धड विक्रीचीही नव्हती आणि धड माझीही नव्हती. विकायचीच आहे तर एन्ट्री फी कशाला भरायची म्हणून स्पर्धा थांबवल्या. नवा रायडर आपल्या पद्धतीने बसेलच म्हणून कोचिंग आठवड्यातून एक दिवसावर आणलं. पहिलं गिऱ्हाईक आलं त्याला मी बाजार पडण्याआधीचा भाव सांगितला. त्याने जो आकडा देऊ केला तो मला अपमानासारखा वाटला. चौथं गिऱ्हाईक येईपर्यंत घोडीच्या पाठीवरचे स्नायू उतरले होते आणि शेवटचा निकाल आठ महिने जुना झाला होता. अखेर ती गेली ती पहिल्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षाही कमी भावाला. सात महिन्यांचा तबेला, चारा, नालबंद, मोतद्दार हे सगळं वरून.

मालाला उठाव नसला की बाजाराला दोष देणं सोपं असतं. पण मंदीत होणाऱ्या नुकसानीचा मोठा वाटा अर्धवट निर्णयाचा असतो, असं माझं आता ठाम मत आहे. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत, उरलेल्या जवळून पाहिल्या आहेत.

का विकतोय हे न ठरवता जाहिरात देणं

पैशाची ओढ, वेळ न मिळणं, मुलगी घोड्यापेक्षा पुढच्या लेव्हलला जाणं, रायडरला भीती बसणं ही सगळी खरी कारणं आहेत. प्रत्येकातून निघणारा निर्णय मात्र वेगळा. पैशाची ओढ असेल तर भाव लवकर उतरवावा लागतो. वेळ नसेल तर विकण्याआधी लीजचा, म्हणजे घोडा भाड्याने देण्याचा, विचार करता येतो. भीती बसली असेल तर दोन महिने दुसऱ्या चांगल्या रायडरला बसवून पाहावं आणि मग ठरवावं.

सगळ्यात फसवं कारण म्हणजे "घोडा बिघडलाय". उड्या नाकारतो, कान मागे टाकतो, तंग (खोगीर बांधायचा पट्टा) आवळताना चावायला येतो, एका बाजूला कँटर (मध्यम वेगाची दौड) धरत नाही. मालक म्हणतो स्वभावच तसा झालाय, विकून टाकू. इथे थांबा आणि आधी दुखणं शोधा. स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या दुखण्याच्या खुणांची 24 वर्तनांची एक यादी पशुवैद्यांकडे असते. शेपटी सतत झटकणं, तोंड उघडं ठेवणं, डोळ्यांत ताठर नजर येणं, मागचा पाय अडखळणं अशा खुणा तिच्यात आहेत. त्यातल्या 8 किंवा जास्त दिसल्या तर हाडं, सांधे किंवा स्नायू दुखत असण्याची दाट शक्यता धरतात. मोबाइलवर काढलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ संथ करून पाहिला तरी डोळे उघडतात.

पोटाचंही तसंच. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं चालू असो वा नसो. चारा तासन्‌तास न मिळणं, प्रवास, स्पर्धेचा ताण यांमुळे जठरात व्रण होतात आणि स्पर्धेच्या घोड्यांत ते अगदी सर्रास आढळतात. तंग आवळताना चिडणारा घोडा कित्येकदा याच त्रासाने चिडत असतो. खोगीर बसत नसेल तर तेही तपासा. वर्षभरात घोड्याची पाठ बदलते आणि खोगीर तसंच राहतं. मी पाहिलेल्या दोन घोड्यांचे "स्वभाव" उपचारानंतर दोन महिन्यांत सुधारले, आणि त्यातला एक विकायचा बेतच रद्द झाला. तपासणी न करता विकायला काढलं तर गिऱ्हाइकाच्या व्हेटला, म्हणजे पशुवैद्याला, दुखणं सापडतं आणि घोड्याचं नाव खराब होतं. नाही सापडलं तर दुखणाऱ्या पाठीवर नवा माणूस बसतो. यातलं कोणतंही मला पत्करायचं नाही.

जुन्या भावाला चिकटून बसणं

विकत घेताना किती दिले आणि ट्रेनिंगवर किती घातले, याचा आजच्या किमतीशी संबंध नाही. आकडा ठरवायचा तर जाहिरातीतले भाव वाचू नका. ते मालकाने मागितलेले भाव असतात आणि मंदीत तेच महिनोन्‌महिने तिथे लटकलेले असतात. गेल्या काही महिन्यांत याच वयाचा, याच लेव्हलचा घोडा खरोखर कितीला गेला, हे दोन-तीन कोचना आणि तुमच्या पशुवैद्याला विचारा. हिशेब त्यांच्या कानावर आलेला असतो.

मग वाट पाहण्याची किंमत काढा. समजा घोड्याचा महिन्याचा खर्च मागितलेल्या किमतीच्या 2 टक्के आहे. दहा महिने थांबलात तर किमतीचा पाचवा हिस्सा पोसण्यातच गेला. आज 15 टक्के कमी देणारं गिऱ्हाईक परत पाठवून दहा महिन्यांनी पूर्ण भाव मिळवलात, तरी व्यवहार आतबट्ट्याचाच. हे गणित मी कागदावर पहिल्या महिन्यातच मांडलं असतं तर पहिल्या माणसाला चहा पाजून बसवलं असतं.

दोन गोष्टी लिहून ठेवा: याच्या खाली जाणार नाही असा आकडा, आणि एक तारीख. त्या तारखेला घोडा विकला गेला नसेल तर पुढे काय, तेही आजच लिहा. भाव उतरवणार, लीजवर देणार की जाहिरात काढून घोडा पुन्हा मनापासून स्वतःकडे ठेवणार? घरात दोघांनी मिळून ठरवलं असेल तर दोघांच्या सह्या असू द्या. बाजार थंड असताना दर आठवड्याला मन बदलतं, कागद बदलत नाही.

"थोडं थांबू" हे वय न पाहता म्हणणं

थांबणं चूक नाही. पण नऊ वर्षांच्या घोड्यासाठी थांबणं आणि पंधरा वर्षांच्या घोड्यासाठी थांबणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑलिंपिकच्या जंपिंगला, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेला, घोडा किमान 9 वर्षांचा लागतो; ड्रेसाजच्या, म्हणजे ठरलेल्या चाली नेटकेपणाने करून दाखवण्याच्या खेळाच्या, सगळ्यात वरच्या आंतरराष्ट्रीय पातळीला, ग्राँ प्रीला, 8. म्हणजे आठ-नऊच्या वयात घोड्यासमोर वरचा सगळा रस्ता मोकळा असतो. तो दर हंगामात एक पायरी चढत असेल तर मंदीतलं एक वर्ष किमतीत भरही घालू शकतं. अट एकच: तो कामात हवा. पंधरा वर्षांच्या घोड्याचं तसं नाही. त्याचं एक वर्ष म्हणजे गिऱ्हाइकाला वापरायला मिळणाऱ्या वर्षांतलं एक कमी, आणि विमा कंपन्याही त्या वयाला हात आखडता घेऊ लागतात.

दुखापतीचंही लक्षात ठेवा. पुढच्या पायाच्या टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला) एकदा मोठी इजा झाली की परत कामावर यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तोवर विक्रीचा विषयच बंद.

खर्च कापताना नको तिथे कात्री लावणं

घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे 500 किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो, आणि त्यात बराचसा चाराच हवा. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायलाच हवा. नालबंदी बारा आठवड्यांवर नेली तर खुराचा पुढचा भाग लांबतो, टाच खाली जाते, ट्रॉट (दुडकी चाल) आखूड होतो, आणि बघायला आलेला जाणता माणूस घोडा तबेल्यातून चालत बाहेर येतानाच ते ओळखतो.

कात्री लावायची तर स्पर्धांच्या संख्येला लावा, पण त्या बंद करू नका. दीड-दोन महिन्यांतून एक साधी, घोड्याला सहज झेपेल अशी स्पर्धा पुरते. ताजा निकाल आणि ताजा व्हिडिओ या दोन गोष्टींवर मंदीत फोन येतात. व्हिडिओत दोन्ही बाजूंचा ट्रॉट-कँटर, अडथळ्यांचा एक सबंध कोर्स किंवा ड्रेसाजची टेस्ट, आणि कट न करता केलेलं शूटिंग हवं. कट दिसला की बघणाऱ्याला तिथे काहीतरी झाकलंय असं वाटतं.

लसीकरणाची तारीख चुकवणं

हे छोटं वाटतं, पण व्यवहार यावर अडकलेला मी पाहिलाय. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे एफईआयच्या स्पर्धांसाठी इक्वाइन इन्फ्लुएन्झाचा बूस्टर वर्षाच्या आत झालेला असावा लागतो आणि स्पर्धेला येण्याआधीच्या 6 महिने 21 दिवसांत एक डोस असावा लागतो. वर्षाची मुदत हुकली की पहिल्यापासून मालिका सुरू करायची, म्हणजे 21 ते 60 दिवसांच्या अंतराने दोन डोस आणि मग पुढचा बूस्टर. ज्या गिऱ्हाइकाला पुढच्याच महिन्यात खेळायचंय ते एवढ्यावरून दुसरा घोडा घेतं. घोड्याचा पासपोर्ट (ओळख आणि लसींची नोंदवही) काढा, तारखा बघा, घोड्याच्या अंगात बसवलेल्या चिपचा 15 आकडी नंबर पासपोर्टशी जुळतो का ते स्कॅनरने तपासून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

गिऱ्हाईक येण्याआधी घोडा थकवून ठेवणं

माझी घोडी थंडीत जरा उसळायची. म्हणून एकदा बघायला येणाऱ्यांच्या तासभर आधी मी तिला लांब दोरावर वीस मिनिटं पळवलं, पुसून कोरडं केलं, खरारा केला. बाई आल्या, माझ्याशी बोलत बोलत तिच्या मानेवरून हात फिरवला, मग पाठीवरून, मग कोपराच्या मागे, जिथे तंग बसतो तिथे बोटं नेली. तिथले केस ओलसर होते, मिठाने एकमेकांना चिकटलेले. त्यांनी बोटं चोळून पाहिली आणि विचारलं, "आज बसलात का हिच्यावर?" मी खरं सांगितलं, पण मी सांगण्याआधीच त्यांनी ठरवलं होतं. वीस मिनिटं बसून, आभार मानून त्या गेल्या.

खरं तर ती उसळायची दोन मिनिटं. ती त्यांना पाहू दिली असती तर त्यांच्यासारख्या रायडरला त्याचं काही वाटलं नसतं. घोडा तबेल्यातून काढण्यापासून, खोगीर चढवण्यापासून त्यांच्यासमोर करा. पहिल्यांदा तुमचा रायडर बसेल, मग त्यांचा. उसळतो तर तसं फोनवरच सांगा.

तपासणीत निघेल ते झाकणं

खरेदीपूर्व तपासणीत व्हेट घोड्याचा पाय साधारण मिनिटभर वाकवून धरतो आणि लगेच ट्रॉट करायला लावतो. कडक जमिनीवर, गोलात, दोन्ही बाजूंना. रक्ताचा नमुनाही घेतात आणि तो काही महिने जपून ठेवतात. घोडा नंतर लंगडला तर त्या नमुन्यात वेदनाशामक शोधता येतं. तेव्हा झाकण्यात अर्थ नाही, आणि मला ते करायलाही नको.

त्यापेक्षा जाहिरातीच्या आधी स्वतःच्या खर्चाने एक्स-रे काढून घ्या आणि जुने रिपोर्ट एका फाइलीत लावा. तपासणी म्हणजे पास-नापासची परीक्षा नव्हे. व्हेट एवढंच सांगतो की या घोड्याकडून जे काम हवंय त्यासाठी ही जोखीम किती. हॉकमध्ये (मागच्या पायाच्या मधल्या सांध्यात) थोडे बदल असलेला चौदा वर्षांचा घोडा 1.40 मीटर उंच उड्यांच्या वर्गाला नको असेल, पण 1 मीटर खेळणाऱ्या मुलाला अजून चांगली काही वर्षं देऊ शकतो.

घोडा कोणासाठी आहे हे न सांगणं

"सर्वांसाठी योग्य" असं लिहिलेला घोडा कोणासाठीच नसतो. टोटिलास या ड्रेसाजच्या घोड्याचं उदाहरण या खेळात सगळ्यांना माहीत आहे. रायडर एडवर्ड गालसोबत 2009 मध्ये फ्रीस्टाइलला (संगीतावर करायच्या टेस्टला) 92.30 टक्के, 2010 मध्ये केंटकीच्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णपदकं, आणि त्यानंतर लगेच विक्री. नवा रायडर चांगला होता, तरी ते गुण पुन्हा दिसले नाहीत. 2015 मध्ये घोडा निवृत्त झाला. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या घोड्याचं असं होतं, तर आपला घोडा कोणाच्या हाताखाली चालतो हे नीट लिहायला नको? हलक्या हाताचा रायडर हवा, पायाचा जोर चालत नाही, ट्रकमध्ये एकटा उभा राहत नाही, हे सगळं जाहिरातीत लिहा. फोन कमी येतील, पण येणारे कामाचे असतील.

तोंडी लीज, तोंडी ट्रायल

मंदीत लीज हा चांगला मार्ग आहे. खर्च कमी होतो, घोडा कामात राहतो. पण ओळखीच्या माणसाला असाच दिला आणि मैत्री आणि घोडा दोन्ही गेले, असं होतं. पशुवैद्याचं बिल कोण देणार, विमा कोणाचा, किती उंचीपर्यंत आणि महिन्यात किती स्पर्धा, कुठे ठेवणार, परत हवा असेल तर किती दिवसांची सूचना, हे सगळं लेखी हवं. ट्रायलला, म्हणजे गिऱ्हाइकाला काही दिवस वापरून पाहायला देताना, विमा लागू झाल्याशिवाय घोडा गेटबाहेर काढू नका. मध्यस्थ असेल तर तो दोन्हीकडून पैसे घेणार का, हे पहिल्याच दिवशी विचारा. हप्त्याने व्यवहार असेल तर मालकी-बदलाच्या कागदावर सही शेवटच्या हप्त्यानंतर.

फुकट किंवा मिळेल त्या भावाला काढून टाकणं

घोडा खूप स्वस्तात गेला की तो या हातातून त्या हातात फिरत राहण्याची भीती असते. म्हातारा असेल, वर चढण्यासारखा नसेल, तर आकड्यापेक्षा घर महत्त्वाचं माना. तबेला स्वतः जाऊन बघा, तिथल्या बाकीच्या घोड्यांची खुरं आणि अंगलट बघा, त्यांच्या व्हेटशी बोला. विक्रीच्या करारात एक कलम घाला: पुन्हा विकायचा झाला तर पहिल्यांदा जुन्या मालकाला विचारायचं. कायद्याने त्याचा किती जोर चालेल हे जागेजागी वेगळं आहे, पण लिहिलेलं असलं की माणूस फोन तरी करतो.

माझ्या घोडीच्या करारात ते कलम मी शेवटच्या क्षणी हाताने लिहिलं होतं. दोन वर्षांनी तिच्या मालकिणीचा फोन आला. घोडी 1 मीटरच्या वर्गात छान चालतेय, पण मुलगी शिक्षणासाठी बाहेर चाललीये, तर तुम्हाला परत हवी आहे का? मी त्या संध्याकाळी कागद काढला, आधी महिन्याचा खर्च लिहिला, मग तारीख, आणि मग त्यांना फोन केला.