स्वतःची गाणी गाताय? मग पैशाचं आधी बघा

सांगली-मिरजेकडं स्वतः गाणी लिहून गिटारवर गाणारी पोरं बरीच दिसतात, पण पैशाचं विचारलं की सगळे गप्प. पहिलं काम, शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाला किती टक्के हे कागदावर लिहून सह्या घ्या, मित्र असला तर नक्कीच. मग आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं मेंबर व्हा, गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी (गाणं वाजल्याचे पैसे) तिथनं येते, गाणी अॅपवर चढवणारा डिस्ट्रिब्युटर देतो ते रेकॉर्डिंगचे पैसे वेगळे. लेबलनं, म्हणजे म्युझिक कंपनीनं, एकरकमी चेक दाखवला तर भुलू नका, कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला तुमचा निम्मा वाटा लेबलच्या नावावर करता येत नाही, आणि शब्द-चालीचा कॉपीराइट तुमच्या मरणानंतरही 60 वर्षं चालतो म्हणजे नातवंडं पण खातील. तोवर घर चालणार लग्नाच्या नि कॉलेजच्या शोवर, तिथं अर्धा अॅडव्हान्स हातात पडल्याशिवाय तारीख द्यायची नाही.